निरोगी माशांचं पाणी

वंदना मॅडम, तुमचे मासे मी प्रयोगाच्या तिसाव्या दिवसापर्यंत सांभाळले. तुम्ही अठराव्या दिवशी गेलात. मधले बारा दिवस कॉलेजात सगळे तुमच्याविषयी बोलत होते, हार घालायला तुमचा फोटो शोधत होते, आणि मी मागच्या खोलीत दोन टाक्यांतल्या मरळींना खाऊ घालत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. बंद कर असंही कोणी म्हणालं नाही. बाई गेल्यावर बाईंच्या माशांचं काय करायचं, हे प्रयोगशाळेच्या परिचराला कुठल्याही परिपत्रकात सांगितलेलं नसतं.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, तुम्ही फार मनमिळाऊ होतात. मी मागच्या रांगेत उभा होतो. मला हसू आवरेना, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. मनमिळाऊ! मासे विकत घेताना तुम्ही भोयाशी कशा भांडायच्या, ते मी ऐकलं आहे. "हे मरतुकडे तुह्या घरी ने. मले सगळे एका वयाचे पाह्यजे." भोई म्हणायचा, बाई, शेवटी खायचेच तर आहेत. त्यावर तुम्ही त्याला म्हणालात, "खायचे नाहीत, त्यायले काही इच्यारायचं आहे." तो माणूस अजून मला बाजारात गाठून विचारतो, बाईच्या माशांनी सांगितलं का काही? परवाही विचारलं. तुम्ही गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, नाही सांगितलं अजून. आणि सायकल पुढे काढली.

तुम्हाला काय विचारायचं होतं, ते पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं होतंत. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला स्टुलावर बसवून काही सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुमचे मोठे भाऊ सुधाकरदादा कपाशीवर निळसर पावडर फवारायचे. पानांवर काळे ठिपके आले की गावात सगळेच फवारायचे. दादा ती ड्रममध्ये ओतून उघड्या हाताने कोपरापर्यंत ढवळायचे, काठी शोधायला कोण जातं. मग त्यांच्या लघवीला फेस यायला लागला, पाय सुजले. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी निम्मंच काम करते आहे. कशामुळे, ते सांगता येईना. ब्लडप्रेशर असेल, गुडघ्यासाठी खाल्लेल्या गोळ्या असतील, विहिरीचं पाणी असेल. तुमच्या डोक्यात मात्र पावडर बसली होती. तिच्यात तांबं असतं. तांबं शरीराला थोडंसं हवंच असतं, तुम्ही म्हणालात, पण जास्त झालं की किडनीत साठतं आणि तिथल्या कामाची वाट लावतं. खरंच लावतं का, ते तुम्हाला माशांकडून कळून घ्यायचं होतं. एका टाकीत मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्याच निळ्या क्षाराचा, अगदी थोडा अंश आणि दुसऱ्या टाकीत साधं पाणी. महिन्याने दोन्हींकडच्या माशांची किडनी तपासायची. साध्या पाण्यातले मासे म्हणजे कंट्रोल. मी त्यांना निरोगी मासे म्हणायचो.

त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं, आणि ते कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या सहीच्या जागी आईची सही असलेली मुलं वाढली होती. खिडकीतला कारकून कारण विचारत नसे. अशात कोणी माशांच्या किडन्या घेऊन बसतं, यावर स्टाफरूममध्ये टिंगल चालायची. टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, आता लपवून काय करू.

नंतर मी टिंगल करायचं सोडलं, तेही तुमच्यामुळेच. माशाची किडनी म्हणजे कण्याला चिकटलेला गर्द लाल पट्टा, हे मला कुठे माहीत होतं. तुम्ही तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली लावून मला म्हणालात, "पाहा, रशीदभाऊ, किती बारक्या नळ्या आहेत ते. रक्तातलं कामाचं वापस घेतात, बिनकामाचं सोडून देतात." त्या नळ्यांच्या आतल्या काठावर एक एन्झाइम असतं, त्याची चाचणी तुम्ही मला शिकवली. किडनी बर्फावर खलायची, त्यात द्रावण घालायचं, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं. पिवळा रंग येतो. गडद पिवळा म्हणजे एन्झाइम जोरात, फिका म्हणजे मंदावलेलं. शेवटी कॉस्टिक घालून रंग तिथेच थांबवायचा आणि यंत्रात मोजायचा. मी दहावी नापास माणूस. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर झालात की काय.

आता पाण्याचं सांगतो. तेच सांगायचं राहून गेलंय, म्हणून तर लिहायला बसलोय, नाहीतर मला कोण लिहायला सांगतंय.

माझे अब्बा कलईगर होते, हे तुम्हाला माहीत होतं. नेरच्या आसपासच्या गावांत भट्टी लावून तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कलई करायचे. त्यांचा एक नियम होता. ज्या भांड्यात शिजतं, ज्यात आंबट जातं, त्याला कलई हवीच. पाण्याच्या हंड्याला मात्र नको. उलट तांब्यातलं पाणी सगळ्यात चांगलं. हे आमच्या घरात कोणी शिकवावं लागत नव्हतं.

कॉलेजच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही ब्लीचिंगच्या वासाचं. तसं पाणी माशांना मारतं, म्हणून दोन दिवस उघडं ठेवायचं, हा तुमचा हुकूम. "मासे माझे, पाणी तुमचं, रशीदभाऊ," तुम्ही म्हणालात, आणि मागच्या ओट्यावर कधी फिरकला नाहीत. मी तिथे प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी साठवायचो. उन्हात तो ड्रम तापायचा, पाण्याला रबरासारखा वास यायचा. मोरचुदाच्या टाकीला ते चालून जाईल, मला वाटलं, त्यांना तसंही विषच मिळणार आहे. पण ज्या माशांना आपण काहीच करणार नाही, त्यांना तरी चांगलं पाणी मिळायला नको का? मी घरून अम्मीचा मोठा तांब्याचा हंडा आणला. चिंच लावून घासला. दोन दिवस त्यात पाणी ठेवायचं आणि मग निरोगी माशांच्या टाकीत ओतायचं.

कॉपर म्हणजे तांबं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोरचुदाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलेलं होतं, रोज तिच्यावरची धूळ पुसायचो. पण बाटलीतले निळे खडे आणि आमच्या घरचा लाल हंडा, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मनातच आलं नाही. मॅडम, मी हे परत परत तपासून पाहतोय. मनात आलं होतं आणि मी ते ढकलून दिलं, असं तर नाही ना? नाही. मला वाटतं, नाही. आता माझ्या सांगण्यावर माझाच विश्वास बसत नाही, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या फेरीत दोन्हींकडचा रंग फिका निघाला. तुमचे मार्गदर्शक सर म्हणाले, कंट्रोल बिघडलाय, परत करा. तुम्ही चार दिवस तेच आकडे परत परत तपासत बसलात. मग मला विचारलंत, "पाणी दोन्हीकडं एकच आहे ना?"

"हाव मॅडम, एकाच नळाचं," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या फेरीतही तेच. त्या फेरीचे आकडे लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही बी.एस्सी.च्या मुलांना मत्स्यालयाचं प्रात्यक्षिक घेत होता. मी ट्रे घेऊन दारात उभा होतो. तुम्ही सांगितलंत, माशांचं पाणी तांब्याच्या भांड्यात कधी ठेवू नका. माणसाला काही होत नाही, पण माशाला तेवढं तांबंही पुरतं. आपल्याकडचं पाणी जड आहे म्हणून मासा वाचेलही, पण भरवसा नाही. एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी ट्रे खाली ठेवला, ओट्यावर गेलो, हंडा उचलला आणि सायकलला बांधून घरी नेला. दुपारी परत आलो तर तुम्ही वही उघडून बसला होता.

"रशीदभाऊ, मी वेडी होऊन राह्यली का? सांगा ना, पाणी एकच आहे ना?"

"एकाच नळाचं, मॅडम."

या वेळी मला माहीत होतं. तेच वाक्य, तोच नळ. कायले बोललो मी असं? नोकरी गेली असती? तुमच्यासारख्या बाईने कोणाची नोकरी घालवली नसती. दोन चार शिव्या घातल्या असत्या, वऱ्हाडीत घातल्या असत्या, आणि संध्याकाळी चहा पाजला असता. मला लाज वाटली, एवढंच. कलईगराच्या मुलाने तांब्यात चूक करावी, याची लाज. इतक्या लहान गोष्टीसाठी माणूस इतकं मोठं लपवतो, हे मला स्वतःवरून कळलं.

पुढचं मला पोळ्यानंतर कळलं, तुमच्याच तोंडून. पोळ्याला तुम्ही गावी गेल्या होता. बैल सजले होते, सोयरे जमले होते. तुम्ही दादांना पुन्हा पावडर बंद करायला सांगितलंत आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुह्या माशायले औषध देल्लं तरी तेच, नाही देल्लं तरी तेच. मंग मले कायले मना करतं? एवढं शिकून हेच निघालं का?" तुम्ही म्हणालात, "हाव दादा, सध्या तरी तेच निघालं." आणि ताटावरून उठून निघून आलात. हे मला सांगताना तुमचा आवाज हलला नाही. फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलात. हंड्याचं त्याच दिवशी सांगायला हवं होतं, मॅडम. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "तिसऱ्यांदा करू. नवीन ड्रम आणा." मला वाटलं, चला, आता सगळं आपोआप नीट होईल. तिसरी फेरी चांगली निघेल, दादा ऐकतील, आणि हंड्याचं कोणालाच कळायची गरज नाही.

दोन ड्रम आणले. दोन्ही टाक्यांना तेच पाणी, मी स्वतः मोजून ओतायचो. एवढ्या निगुतीने मी घरी कधी चहा केला नाही.

मग तुम्हाला ताप आला. साधा वाटणारा ताप, पाच दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. चौथ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात मी आलो होतो. सांगायचं ठरवूनच आलो होतो, बसमध्ये वाक्यं जुळवत. तुमच्या वहिनी उशाशी बसल्या होत्या. दादा आले नव्हते, निरोप उशिरा मिळाला म्हणे. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "मासे?"

"बरे आहेत."

"दोन्हीकडचे?"

"दोन्हीकडचे."

तुम्ही मान हलवली आणि डोळे मिटलेत. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि स्वतःला सांगितलं, बऱ्या झाल्या की सांगू.

तर तिसावा दिवस. तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी तो आला. विभागात कोणालाच त्या माशांशी घेणंदेणं नव्हतं. मला चाचणी करायचा अधिकार नाही, हे मला कळतं. पण उत्तर समोर टाकीत पोहत होतं आणि ते विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मी तुमचा ॲप्रन नाही घातला, भीती वाटली. हातमोजे घातले. प्रत्येक टाकीत तीनच मासे होते, ते घेतले. बर्फ ठेवला, किडनी खलली, काचेच्या नळ्यांवर तुम्ही लिहायच्या तशी अक्षरं लिहिली. पाणी कोमट झालं, द्रावण घातलं आणि घड्याळ लावून बसलो. अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमी असताना लाइट गेली. लोडशेडिंग. मोजायचं यंत्र बंद.

मी नळ्या खिडकीत धरून पाहिल्या. निरोगी माशांच्या तिन्ही नळ्या गडद पिवळ्या होत्या. मोरचुदाच्या फिक्या. फरक होता, मॅडम. मी एकटाच ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. त्या आनंदात कॉस्टिक घालायचं विसरलो. रंग थांबवलाच नाही. चार तासांनी लाइट आली तेव्हा सहाही नळ्या सारख्याच पिवळ्या झाल्या होत्या आणि यंत्राने जे आकडे दाखवले त्यांना काही अर्थ नव्हता.

म्हणजे फरक फक्त मी पाहिला. आणि मला तो दिसायलाच हवा होता. दीड महिना मी त्याच फरकाची वाट पाहत होतो. मग मी खरंच पाहिला का? की ढगाळ उजेडात मला जे पाहिजे ते दिसलं? तुम्ही शेजारी असता तर एका नजरेत सांगितलं असतं. आता मी सकाळी उठतो तेव्हा फरक असतो, दुपारी जेवताना नसतो.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दादा कॉलेजात आले, तुमचं सामान न्यायला. चष्म्याचं घर, डबा, दोन वह्या, ॲप्रन. पिशवी भरून झाली तरी ते निघेनात. रिकाम्या टाक्यांसमोर उभे राहिले. पाय अजून सुजलेलेच आहेत त्यांचे.

"रशीदभाऊ, शेवटी काय निघालं मंग?"

मी सांगितलं. सगळं. हंड्यापासून लाइट जाईपर्यंत, आणि ते दोनदा बोललेलं वाक्यही. तुमच्या स्टुलावर बसून त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे फरक होता?"

"माहीत नाही, दादा. हंड्यानंच बिघडलं असंन. नसंनही. आन् परवाचं मी एकट्यानंच पाह्यलं."

"तिले सांगतलं होतं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राह्यले आता?"

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. "पोयाच्या दिवशी थे एक शब्द खोटं बोलली असती ना, की हाव, फरक निघाला, तर मी त्याच दिवशी पावडरचा डब्बा फेकून देल्ला असता. नाही बोलली. आन् मी तिले सगळ्यायसमोर..." त्यांनी बाहीने डोळे पुसले. मलाही रडू आलं. आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेले बाप्ये रिकाम्या टाक्यांसमोर नाकं ओढत बसलो होतो.

मी म्हटलं, "दादा, ते पावडर नका फवारू आता."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. नका फवारू."

त्यांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"आई रोज इच्यारते, तुमी दोघं भाऊबहीण काहून बोलत नव्हते म्हून. मी म्हणतो, काही नाही, असंच. तिले वाटते, मी काहीतरी लपवून राह्यलो. तुमीच या घरी. तुमीच सांगा तिले. मले नाही जमत."

तर उद्या सकाळच्या बसने मी तुमच्या गावी चाललो आहे. तुमच्या आईंना मी दोनदाच भेटलोय, दोन्ही वेळा त्यांनी मला पोटभर जेवू घातलं. त्यांना एन्झाइम कळणार नाही, कंट्रोल कळणार नाही. त्यांना एवढंच कळेल की त्यांची दोन लेकरं या माणसाच्या हंड्यापायी एकमेकांशी अबोला धरून बसली, आणि त्यातलं एक तसंच निघून गेलं. की हेही पूर्ण खरं नाही? कदाचित तुम्ही दोघं तसेही भांडला असता, तुम्ही दोघंही हट्टीच. कदाचित हंड्याने काही झालंच नसेल आणि मी एका म्हातारीच्या दुःखात उगाच स्वतःला घुसवतोय. मला काही म्हणजे काही उमगत नाही, मॅडम. पण त्या दारात वाट पाहतील, आणि जेवायला वाढतील. ताटावर बसण्याआधी सांगायचं की जेवण झाल्यावर, एवढं तरी सांगून गेला असतात.